सोंडेवरची पट्टी

नोकरीच्या पहिल्या वर्षी
दुर्गाप्पानं पोत्यात घालून आणली होती पिल्लं,
मेलेलीच जन्मलेली.
एक वीतभर, एक बोटाएवढं,
एक तर चिंचेच्या आकड्यासारखं काळं, वाळलेलं.
"डुकरीण धडधाकट हाय बाई.
खाती, लोळती. मग ही अशी का?"
मी फॉर्मॅलिनची बरणी पुढं ओढली.
तेवढंच उत्तर होतं तेव्हा माझ्याकडं.

मग एकतीस वर्षं
वारणाकाठचे गोठे, दिवेलागणीची वेळ,
तोंडात रबरी नळी धरून
भिंतीवरचा एकेक डास श्वासानं ओढून घ्यायचा.
रसूल मुजावर बॅटरी धरायचा, म्हणायचा,
मॅडम, लांबून हुक्का ओढल्यागत दिसतंय,
गावात नाव जाईल तुमचं.

क्युलेक्स विष्णुई.
कुणी ठेवलं हे नाव, काय मनात धरून, ठाऊक नाही.
हा काही पाण्यावर पहुडत नाही,
भाताच्या खाचरात याची पोरं
उलटी टांगून घेतात स्वतःला
आणि शेपटीनं श्वास घेतात.

विषाणू बगळ्याचा. बगळ्याला त्याचं काही नाही.
डुक्कर त्याला पोसतं, वाढवतं, स्वतः बहुधा निभावतं.
आणि माणूस?
माणूस म्हणजे बंद गल्ली,
आमच्या पुस्तकात हाच शब्द आहे.
त्याच्या रक्तातून पुढं रस्ता नाही,
चुकून शिरलेला तिथंच संपतो.
गल्लीच्या टोकाला कुणी राहत असतं
हे पुस्तकात नाही.

त्या भाद्रपदात
दुर्गाप्पाच्या बारांपैकी नऊ डुकरांचं रक्त बोललं.
मी त्याच रात्री पत्र टाइप केलं,
तीन प्रती, सही, शिक्का, तातडीचे.
बाविसाव्या दिवशी उत्तर आलं:
सदर बाब या विभागाच्या कक्षेत येत नाही.

छबी त्याआधीच गेली होती. सात वर्षांची.
ताप, मग मान ताठ, मग मिरज.
डॉक्टर कुरुंदवाडेंनी काच पाठवली बघायला,
मी ती माझ्या काचेशेजारी ठेवली.
गुलाबी शेतात जांभळे ठिपके,
शिरेभोवती कडं करून बसलेल्या पेशी
दोन्हीकडं तशाच,
गोठ्याबाहेर माणसं जमतात तशा.
चिठ्ठी काढली असती
तर कुठली डुकराची, कुठली पोरीची
मला सांगता आलं नसतं.

छबीच्या आईनं विचारलं, डुकरानंच झालं न्हवं?
मी म्हणाले, डुकरानं आधी सांगितलं होतं.
तिला ते कळलं नाही.
पारावरच्या माणसांना अर्धंच कळलं.
सकाळी दुर्गाप्पाचं पाल नव्हतं,
चुलीची तीन दगडं होती,
ओढ्याकडं ताज्या मातीचा खड्डा
आणि चुन्याचा वास.

पुढच्या वर्षी गावात एक डुक्कर नव्हतं.
बगळे होते. खाचरं होती.
नळीत डास भरपूर.
पण आधी सांगणारं कुणी उरलं नव्हतं
आणि मी आंधळ्यासारखी
भाद्रपद संपायची वाट बघत बसले.

आता निवृत्तीला चार वर्षं झाली.
निरोपाला रसूलनं ती बॅटरी दिली कागदात गुंडाळून,
सेल नवे घातलेले.
सांगलीत तिसऱ्या मजल्यावर राहते,
वर डास कमी, असं सगळे सांगतात.
तरी संध्याकाळी गॅलरीत एखादा येतो,
मनगटावर बसतो, पाय जुळवतो.
शेजारीण म्हणते, मारा की!
मी बॅटरी लावते.
सोंडेच्या मधोमध फिकट पट्टी आहे का,
ते बघते आधी,
तेवढ्यात
तो पिऊन जातो.